कच्चे बीजाणू

राधाकृष्ण सरांची मधली नजर गेली तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. कडेचं दिसायचं, मधलं नाही. दार दिसे, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसत नसे. ताट दिसे, ताटात काय वाढलंय ते कळत नसे. डोळ्याचा पडदा मधोमध सुकलाय, वयाचं दुखणं आहे, आता हे असंच चालायचं, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. सरांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. हिंगोलीला घरी आल्यावर मात्र ते खिडकीपाशी टेबलासमोर जाऊन बसले, मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं, भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर त्यांच्या बायको गंगूताई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. भिंगाखाली काही ठेवलेलंही नसायचं. शेवटी एका सकाळी त्यांनी हात पदराला पुसले, टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा. मी बघते. काय बघायचं ते सांगा."

आपण हे बोललो कसं, याचं त्यांनाच नंतर नवल वाटलं. पस्तीस वर्षांत त्यांनी त्या टेबलाला हात लावला नव्हता. खोली झाडताना केरसुणी टेबलाभोवतीनं फिरवून पुढे जायची. टेबलावरची धूळ सर स्वतः पुसत. यावर घरात कधी भांडण झालं नव्हतं, बोलणंही नाही. दोघांनाही कारण माहीत होतं.

सर हिंगोलीच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मूळचे औंढ्याचे, देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरातले. धाकटे भाऊ पूजेअर्चेला राहिले, हे शिकायला औरंगाबादला गेले आणि दगडावरच्या डागांच्या नादी लागून परत आले, असं त्यांच्याकडे सगळे चेष्टेनं म्हणत. मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांच्या घरात असतं. ते पापुद्र्यासारखं सुटं होऊन हातात येतं. सरांचं काम होतं त्याच्या भाऊबंदांवर, जे खडकाला असे चिकटून वाढतात की नखानं खरवडून निघत नाहीत. छिन्नी-हातोडी घेऊन खडकाची कपचीच काढावी लागते. त्यातही सरांनी एकच प्रजाती धरली होती, कॅलोप्लाका. अस्सल शेंदराच्या रंगाची. लहानपणी औंढ्याच्या माळावर असा डाग दिसला की कुणीतरी देवाला शेंदूर लावलाय असं समजून आपण हात जोडायचो, हे ते प्रत्येक नव्या वर्गाला सांगत.

आता ते एकाच विद्यार्थिनीला शिकवत होते, आणि ती जुनी मॅट्रिक होती.

गंगूताई पहिल्या आठवड्यात नुसतं बघायला शिकल्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकानंच बघायचं, पापणीची सावली वगळायची. मग सरांनी एकेक लक्षण हातात दिलं. खडकावरची जी खपली दिसते ती एका जिवाची नाही. तिच्यात एक बुरशी आहे आणि एक शैवाल आहे, दोघं मिळून एकच अंग धरतात. खपलीला भेगा किती, कडेला ती पाकळीसारखी पसरलेली आहे की तशीच संपते, हे आधी लिहायचं. मग तिच्यावरच्या वाट्या बघायच्या, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. वाटीची कड वाटीच्याच रंगाची आहे की खालच्या खपलीच्या रंगाची, ते नोंदवायचं. मग पोटॅशच्या पाण्याचा थेंब. नारिंगी रंग तिथल्या तिथे जांभळट लाल झाला तर ठीक. पिवळी दिसणारी दुसरी एक प्रजाती आहे, पुष्कळ जण फसतात, पण तिच्यावर थेंब टाकला तरी तिचं अंग तसंच पिवळं राहतं.

सगळ्यात शेवटी बीजाणू. ब्लेडनं वाटीचा इतका पातळ काप घ्यायचा की तो काचेवर असून नसल्यासारखा वाटावा. त्या कापात उभ्या पिशव्या दिसतात, एकेका पिशवीत आठ बीजाणू. या प्रजातीची खूण इथेच. बीजाणूत दोन खोल्या असतात, दोन टोकांना, आणि मधे जाड भिंत. त्या भिंतीतून एक बारीक बोळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. प्रजाती म्हणजे घराणं, सर म्हणत, आणि जाती म्हणजे त्यातलं एकेक बिऱ्हाड. घराणं ओळखायला दोन खोल्या दिसल्या की पुरतं, बिऱ्हाड ओळखायचं तर मधली भिंत मोजावी लागते.

गंगूताईंना मोजायला आवडू लागलं. तेलाच्या भिंगाखाली पट्टीचं एक घर म्हणजे बरोबर एक मायक्रॉन. त्या आकडा बोलून दाखवत आणि स्वतःच वहीत लिहीत. सर डोळे मिटून ऐकत, मधेच एखादा आकडा पुन्हा बघायला सांगत, आणि दहातल्या आठ वेळा त्यांचा संशय खरा निघे. तीन वर्षांत त्यांनी मिळून नव्वदावर पाकिटं तपासून नीट लावली. शेजारपाजारचे लोक कौतुक करत. या वयात नवरा-बायको एका टेबलाशी बसतात म्हणून.

एका पाकिटाला मात्र दोघांनीही हात लावला नव्हता. ते कपाटात वरच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात होतं.

ते पाकीट पंचवीस ऑक्टोबर एकोणीसशे शहाऐंशीचं. औंढ्याच्या मागच्या डोंगराचा उत्तरेकडचा उतार, काळा खडक, असं सरांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं. त्याच दिवशी त्यांची एकुलती एक मुलगी जाई गेली. सात वर्षांची होती. सर शुक्रवारी संध्याकाळी डोंगराकडे गेले तेव्हा तिचा घसा दुखत होता आणि अंगात थोडी कणकण होती. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, मिठाच्या गुळण्या द्यायला सांगितलं आणि पिशवी उचलून निघाले. शनिवारी घटसर्पानं तिचा घसा धरला. निरोप औंढ्यापर्यंत पोचला, पण सर डोंगरापलीकडच्या वस्तीवर मुक्कामाला होते. रविवारी संध्याकाळी पिशवीभर कपच्या घेऊन ते परतले तेव्हा गंगूताईंचे भाऊ ओसरीत बसले होते आणि सगळं उरकलं होतं. लेकीचं तोंडही त्यांना दिसलं नाही.

त्या दोन दिवसांत काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. गंगूताईंनी कधी सांगितलं नाही. पुढे मूल झालं नाही.

त्यानंतर वर्षभरानं त्या पिशवीतल्या एका कपचीवर सरांना एक जात सापडली, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. बाकी सगळं अंग ओळखीचं, पण बीजाणूची मधली भिंत कमालीची बारीक. बारा-तेरा मायक्रॉनच्या लांबीत जेमतेम दीड. इतकी बारीक भिंत असलेलं बिऱ्हाड या भागात कुणी नोंदवलं नव्हतं. सरांनी निबंध लिहिला आणि नाव ठेवलं, कॅलोप्लाका जायिए. जाईचं लॅटिनमध्ये तसं होतं. निबंध परत आला. एकाच वाटीतले वीस बीजाणू मोजून नवी जात सांगता येणार नाही, आणखी नमुने आणा, असं नियतकालिकाच्या संपादकांचं म्हणणं. सर पुन्हा त्या डोंगरावर गेले तर रस्त्याच्या खडीसाठी तो उतारच सुरुंगानं उडवलेला. उरली ती पाकिटातली कपची. ती कापायला त्यांचा हात होईना, आणि कापल्याशिवाय नाव छापून येईना. कपची आणल्याला अशी अडतीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी श्रावणात पुण्याहून राजनंदिनी नावाच्या एका संशोधक मुलीचा फोन आला. मराठवाड्यातल्या खडकांवरच्या अशा सगळ्या खपल्यांची ती यादी करत होती. सरांची पाकिटं तिला हवी होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की सर, तुमच्या प्रजातीची आता वाटणी झालीय, जनुकं तपासून तिचे पुष्कळ तुकडे पाडलेत, जुनी नावं बदलतायत. सर हसले. मग त्यांनी तिला त्या एका नमुन्याबद्दल सांगितलं. ती एकदम उत्सुक झाली. तीन वेगवेगळ्या वाट्यांतले मिळून साठ बीजाणू मोजा, म्हणाली, आकडे तेच निघाले तर पुढची तपासणी मी करून घेते, जात नवी असेल तर तुम्ही दिलेलं नावच राहील.

फोन ठेवल्यावर सरांनी तोंड कपाटाकडे वळवलं. मग म्हणाले, "गंगू, वरच्या कप्प्यातला डबा काढशील?"

गंगूताईंनी स्टूल घेऊन डबा काढला. पाकीट जुन्या वर्तमानपत्राचं होतं, घड्यांवर विरलेलं. तारीख वाचायची त्यांना गरज नव्हती. एवढी वर्षं त्या या कागदाच्या तुकड्याला मनातल्या मनात काय काय बोलल्या होत्या. लेकरू घशात श्वास अडकून तडफडत होतं तेव्हा हा माणूस हा दगड फोडत होता, हे त्यांनी रोज, भाकरी थापताना, देवापुढे दिवा लावताना स्वतःला सांगितलं होतं. आता पाकीट उघडलं तर आत अर्ध्या तळहाताएवढी कपची. तिच्यावर रुपयाएवढा शेंदरी डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीत आल्यावर त्यांनी पहिली वाटी कापली. काप चांगला पातळ आला. तेलाचा थेंब सोडून त्यांनी भिंग खाली घेतलं.

बीजाणू दिसले. दोन खोल्या, मधे भिंत. भिंत जाड होती. त्यांनी पट्टी फिरवून लावली. साडेचार घरं. शेजारचा बीजाणू पाच. त्याच्या शेजारचा पुन्हा साडेचार. एका कोपऱ्यात एक पिशवी होती, बाकीच्यांपेक्षा बुटकी, तिच्यातले आठही बीजाणू लहान आणि फिकट, आणि त्यांची भिंत तेवढी बारीक, दीड-दोन. गंगूताईंना कळायला वेळ लागला नाही. तीन वर्षांत त्यांनी अशा कित्येक पिशव्या बघितल्या होत्या. कच्चे बीजाणू. भिंत नंतर भरते. ते मोजायचे नसतात, हे सरांनीच त्यांना पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तेव्हा सरांच्या हाताला जी वाटी लागली ती सगळीच कोवळी असणार, आणि लेक जाऊन जेमतेम वर्ष झालेल्या माणसाच्या ते ध्यानात आलं नसणार. पिकलेल्या बीजाणूंवरून ही जात सरळ सरळ ओळखीची होती. औंढ्यापासून सेनगावापर्यंत कुठल्याही माळावर सापडेल अशी. तिची सात पाकिटं तर याच कपाटात होती.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"दोन खोल्या आहेत."

"मधली किती?"

गंगूताईंनी डोळा भिंगावरून काढला नाही. "दीड," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वहीत दीड लिहिलं. त्यापुढे एक दशांश सहा. पुढे एक दशांश आठ. दोन दिवस बसून त्यांनी साठ आकडे लिहिले, एकसारखे वाटू नयेत म्हणून कमीजास्त करून, मधेच एखादा दोन घालून. सर प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. तिसऱ्या वाटीनंतर त्यांनी खुर्चीत मागे टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या रात्री ते नीट जेवले. औंढ्याला भावाला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं.

गंगूताईंना वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. म्हातारा माणूस आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, त्याच्याकडे दुसरं काय आहे. आणि जाईचं नाव कुठेतरी छापलेलं राहील. शाळेच्या पटावरून तर ते कधीच कमी झालं होतं.

पण आकडे कळवल्यावर राजनंदिनी स्वतःच आली. इतकी मोठी गोष्ट फोनवरच्या आकड्यांवर कशी सोडू, म्हणाली. गौरी-गणपती होऊन गेले होते. सकाळच्या गाडीनं उतरली, सरांच्या पाया पडली, गंगूताईंना काकू म्हणत स्वयंपाकघरात येऊन पोहे खाल्ले आणि टेबलाशी बसली. तासभर ती भिंगावर वाकून होती. तिनं गंगूताईंच्या जुन्या काचा बघितल्या, मग विचारून एक नवा काप घेतला. सर शेजारच्या खुर्चीत कान देऊन बसले होते. मग पाणी प्यायचं निमित्त करून ती उठली आणि आत आली.

"काकू, हे आकडे कुणी घेतले?"

"मी."

"तुम्हाला दिसलं असेल ना."

"दिसलं होतं."

राजनंदिनी ओट्याला टेकून उभी राहिली. चांगली पोरगी होती. तिनं दोष दिला नाही. गंगूताईंनी तिला जाई कोण ते सांगितलं, चार वाक्यांत, कारण पाचवं त्यांना जमलं नसतं. त्या म्हणाल्या की राहू दे ना, एका डागाचं नाव चुकलं तर कुणाचं काय जातं. राजनंदिनीनं डोळे पुसले. खोटं नाव मी छापू शकत नाही, म्हणाली, पण सरांना असं सांगते की जनुकांची तपासणी बाकी आहे, तिला तीन-चार वर्षं लागतील. तोवर कोण विचारतंय.

गंगूताई हो म्हणणार होत्या. अगदी ओठांवर आलं होतं. पण दोघी बाहेर आल्या तेव्हा सरांनी मुलीच्या पावलांच्या दिशेनं मान वळवली, आणि तोंडावर असं हसू होतं की राजनंदिनी जागीच थांबली. ती नुसती गंगूताईंकडे बघत राहिली. आपलं खोटं या पोरीच्या गळ्यात कशाला बांधायचं, असं गंगूताईंच्या मनात आलं.

त्या सरांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. "अहो, भिंत जाड आहे. साडेचार, पाच. तुम्ही तेव्हा मोजले ते कच्चे होते. मला पहिल्याच दिवशी दिसलं. वहीतले आकडे मी मनानं लिहिले."

सरांनी हात पुढे केला, टेबलावर चाचपून कपची शोधली आणि तळहातावर घेतली. राजनंदिनीनं काहीतरी बोलायला सुरुवात केली, की सर, तुमची बाकीची पाकिटं फार मोलाची आहेत. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नसावं.

"मग त्या दिवशी मी काय घेऊन आलो, गंगू?"

हा प्रश्न गंगूताई अडतीस वर्षं त्यांना विचारत आल्या होत्या, तोंडातून अवाक्षर न काढता. त्यांना वाटायचं, कधीतरी हा माणूस स्वतः हे विचारेल आणि त्या दिवशी आपल्या काळजातली आग विझेल. आता त्यांनी विचारलं होतं, आणि गंगूताईंना फक्त एवढंच वाटलं की कुणीतरी हे परत घ्यावं. तो दीड पुन्हा खरा करावा. त्यांनी सरांच्या पायावर हात ठेवला. पाय गार होता.

राजनंदिनी दुपारच्या गाडीनं गेली.

त्यानंतर सर टेबलाकडे फिरकले नाहीत. सकाळी उठून ओसरीत बसत, जेवायला हाक मारली की येत, वाढलेलं चिवडून उठत. गंगूताईंनी एकदोनदा विचारलं, उरलेली पाकिटं बघू का. बघ, म्हणाले, आणि ओसरीतच बसून राहिले. त्यांनी एकटीनं चार पाकिटं केली. आकडा बोलून दाखवायची सवय लागलेली, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलायच्या. ओसरीतून ओ यायची नाही.

दसरा झाला, आणि एका सकाळी चहा देताना सरांनी कप हातात न घेता विचारलं, "शनिवारी काय झालं होतं?"

कुठला शनिवार ते विचारायची गरज नव्हती. गंगूताई कप खाली ठेवून समोर बसल्या आणि सांगू लागल्या.

सकाळी जाईची मान सुजली होती. घशात पांढरट पापुद्रा दिसत होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघितलं आणि आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या म्हणाले. गाडी साडेअकराला होती. शेजारचे कुणी सोबत येऊ का म्हणाले, पण त्यांच्या घरी लहान मुलं, रोग लागणीचा. त्या एकट्याच निघाल्या. जाईला मांडीवर उभी धरली, कारण आडवी केली की श्वास अडकायचा. कळमनुरी गेल्यावर तिच्या श्वासाचा आवाज बदलला. कंडक्टर चांगला होता, कुठेही थांबू नका म्हणून त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. डोंगरकड्याच्या अलीकडे आवाज थांबला. त्यांना वाटलं, लेकराला झोप लागली.

"शेजारच्या बाकावर तिथलीच एक बाई होती, मिराबाई नावाची. तिनं लेकराच्या पायाला हात लावून पाहिला. म्हणाली, बाई, लेकरू थंड पडून राहिलं, उतरा तुमी. आणि मला धरून उतरवलं. फाट्याजवळच तिचं घर होतं. तिच्या ओसरीत जाईला ठेवलं. परतीच्या गाडीला दोन तास होते. तेवढा वेळ ती माझ्याजवळ बसून होती."

सर ऐकत होते. नजर नेहमीसारखी बाजूला वळलेली, कडेनं बघायची सवय झालेली. मग त्यांनी विचारलं, "माझी आठवण काढली का तिनं?"

गंगूताईंच्या मनात आलं, हो म्हणावं. पण खोटं सांगायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "तिला बोलता येत नव्हतं हो. सकाळपासूनच नाही."

"कुणाकडे बघत होती?"

"माझ्याकडे. मग खिडकीतून बाहेर."

सर रडले ते तेव्हा. आवाज न करता, शर्टाची बाही तोंडात धरून. गंगूताईंनी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं. जाई गेली तेव्हाही ते रडले नव्हते, निदान तिच्या आईसमोर नाही, आणि या गोष्टीचाही गंगूताईंनी हिशेब ठेवला होता. आता त्या शेजारी सरकून बसल्या आणि दोघांचा चहा गार होऊन गेला.

चार दिवसांनी सर म्हणाले, मला तिथं घेऊन चल.

दोघं साडेअकराच्या गाडीनं गेले. डोंगरकड्याचा फाटा ओळखू येत नव्हता. हॉटेलं, मोबाइलची दुकानं, केळीचे घड भरून उभा असलेला ट्रक. गंगूताईंनी दोन ठिकाणी विचारलं. घर तिथंच होतं, पण पक्कं बांधलेलं. ओसरीच्या जागी सिमेंटचा व्हरांडा, त्यात सोयाबीनची पोती. मिराबाई जिवंत होत्या, नव्वदीच्या घरात, खाटेवर बसलेल्या. त्यांची सून पारुबाई बाहेर आली. गंगूताईंनी तिला सांगितलं, आणि तिनं सासूच्या कानाशी लागून ओरडून सांगितलं. म्हातारीनं दोघांकडे बराच वेळ बघितलं.

"मला न्हाई आठवत," ती म्हणाली. "लई दिस झाले आसतील. पन बसा की, उभे काहून?"

पारुबाईला वाईट वाटलं. आत्याबाईला आता स्वतःच्या लेकरांची नावंबी आठवत न्हाईत, मनावर घेऊ नका, असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

सरांनी विचारलं, कुठे. गंगूताईंनी भिंती बघून अंदाज केला. रस्त्याकडून डाव्या हाताला, खांबापासून दोन पावलं. त्यांनी सरांचा हात धरून तिथवर नेलं. तिथं एक पोतं होतं, पारुबाईच्या मुलानं येऊन ते बाजूला केलं. सर गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले, मग त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला, गुळगुळीत सिमेंटवर, आणि तो इकडून तिकडे फिरवत राहिले.

चहा आला. मिराबाई खाटेवरून दोघांना बघत होत्या, मधेच सुनेला विचारत होत्या, कोन आलं व्हय. तेवढ्यात फाट्यावर हिंगोलीची गाडी लागली. गंगूताई उठल्या, पिशवी घेतली आणि गाडी आली म्हणून सरांच्या खांद्याला हात लावला.

"पुढच्या गाडीनं जाऊ," सर म्हणाले.

गंगूताईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि खांबाला टेकून त्यांच्याजवळ बसल्या. पुढची गाडी दीड तासानं होती.